दरड कोसळण्याआधी डोंगरात काय घडते?

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत वसलेली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. पन्नासेक घरांची ठाकर समाजाची ही वाडी होती. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसे सापडलीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी विधिमंडळात सांगण्यात आले की दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते. लोक संतापले आणि तो संताप रास्त होता. परंतु ही यादी कशी तयार होते, तिच्यातून काय कळते आणि काय कळूच शकत नाही, हे त्या गदारोळात फारसे कोणी उलगडून सांगितले नाही.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अशा याद्या वर्तमानपत्रांत येतात. नाव असलेली गावे धास्तावतात, नाव नसलेली निश्चिंत होतात. यांपैकी दुसरी प्रतिक्रिया जास्त धोक्याची आहे. दरड का कोसळते हे एकदा समजले की यादीकडे, हवामान खात्याच्या इशाऱ्याकडे आणि घरामागच्या डोंगराकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून सुरुवात डोंगरापासूनच करू.

सह्याद्रीचा उतार कशाचा बनला आहे

सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्हाच्या थरांचा डोंगर आहे. एक थर पसरला, थिजला, मग बऱ्याच काळाने दुसरा आला. त्यामुळे घाटातल्या कड्याकडे पाहिले तर टणक काळ्या पाषाणाचे आडवे पट्टे दिसतात आणि त्यांच्या अधूनमधून मऊ, सच्छिद्र, कुजलेल्या खडकाचे किंवा तांबड्या मातकट द्रव्याचे पातळ थर. पाणी कठीण खडकातल्या उभ्या भेगांतून खाली झिरपते, मऊ थरापाशी अडते आणि आडवे वाहत उतारावर बाहेर पडते. डोंगरातले झरे बहुधा अशाच ठिकाणी फुटतात.

हजारो वर्षांच्या ऊन-पावसाने या खडकाचा वरचा भाग फुटून त्याचा मुरूम आणि माती झाली. शिवाय कड्यावरून वेळोवेळी सुटलेले धोंडे आणि राडारोडा पायथ्याशी साचत गेला. मूळ कातळावर असा जो माती, मुरूम आणि धोंड्यांचा सैल थर बसलेला असतो, त्याला या लेखात ‘आच्छादन’ म्हणू. तो कुठे हातभर असतो, कुठे दोन-तीन पुरुष खोल. सह्याद्रीत पावसाळ्यात जीवघेण्या ठरणाऱ्या बहुतेक दरडींत मूळ कातळ जागचा हलत नाही. त्याच्यावरचे हे आच्छादन सुटून खाली येते.

आता वाड्या कुठे वसतात ते पाहावे. कड्याखालचा उतार थोडा सौम्य असतो, तिथली माती खोल असते, नाचणी-वरी पिकते आणि बारमाही झरा जवळ असतो. आपल्या पूर्वजांनी नेमक्या या कारणांसाठी ती जागा निवडली, आणि निवड शहाणपणाचीच होती. पण सौम्य उतार आणि खोल माती हा बऱ्याचदा जुन्या दरडींनी आणलेला ढिगारा असतो, आणि झरा म्हणजे आच्छादनाखाली पाणी खेळते असल्याची खूण. वस्तीला सोयीची जागा आणि दरडीच्या वाटेतली जागा कोकणात व घाटमाथ्यावर अनेकदा एकच असते, ही या सगळ्या प्रश्नातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

पाण्याने माती जड होते, एवढेच कारण नाही

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ३०० मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर तीस लाख लिटर, म्हणजे तीन हजार टन पाणी ओततो. त्यातले बरेचसे वाहून जाते. तरी तिसरा हिस्सा मुरला असे धरले, तर हेक्टरभर उतारावर हजार टनांचा भार वाढतो. सामान्य समजूत अशी की या भाराने डोंगर खाली बसतो. भार वाढतो हे खरे, परंतु दरड सुटण्याचे मुख्य कारण वेगळे आहे.

उतारावरची माती जागेवर टिकते ती घर्षणामुळे. मातीचा कण कणावर टेकलेला असतो, वरच्या वजनाने ते एकमेकांवर दाबले जातात आणि या दाबामुळे त्यांची पकड राहते. कोरड्या दिवसांत कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. पाऊस मुरत गेला की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि खालचा कातळ पाणी लवकर सोडत नसेल तर ते साचून वर चढू लागते. साचलेले पाणी कणांना सर्व बाजूंनी ढकलते. या ढकलण्याला छिद्रदाब म्हणतात. छिद्रदाब जेवढा वाढेल, तेवढे वरच्या मातीचे वजन कणांऐवजी पाणी पेलू लागते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटत जाते.

याचा प्रत्यय स्वयंपाकघरात येतो. कढत पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला की कोणी हात न लावताही तो कधी कधी सरकत जातो. पेल्याचे वजन बदललेले नसते, ओट्याचा उतारही बदललेला नसतो. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि पेल्याला किंचित उचलून धरते. वजन ओट्यावर पुरते टेकत नाही, म्हणून घर्षण कमी होते आणि ओट्याचा नकळणारा उतारही त्याला पुरतो. डोंगरात हवेच्या जागी पाणी असते आणि पेल्याच्या जागी लाखो टन माती. वर्षानुवर्षे स्थिर असलेला उतार एका रात्रीत का सुटतो, याचे उत्तर या उचलून धरण्यात आहे.

माती एकदा सुटली की तिच्यातील पाण्यासह ती ओल्या काँक्रीटसारखी वाहू लागते. अशा प्रवाहाचा वेग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि मोटारीएवढे धोंडे त्यात तरंगत येतात. त्याच्या पुढे, उताराच्या दिशेने पळून कोणी वाचत नाही. वाचायचे असेल तर प्रवाहाच्या वाटेतून बाजूला, आडवे आणि शक्य तितके वर जावे लागते.

कालचा पाऊस आजच्या पावसाइतकाच महत्त्वाचा

काही तारखा एकत्र ठेवून पाहू. २००५ च्या २५-२६ जुलैला महाड तालुक्यातील जुई, दासगाव आणि आसपासच्या गावांत मिळून सुमारे दोनशे माणसे गेली. मुंबईच्या महापुराचे तेच दिवस. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५१ जण मृत्युमुखी पडले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथेही डोंगर सुटले. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. सह्याद्रीच्याच दक्षिण भागात, केरळच्या वायनाड जिल्ह्यात मुंडक्कै आणि चूरलमला येथे दोनशेहून अधिक बळी घेणारी दरड ३० जुलै २०२४ ची.

या सर्व घटना जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत आणि त्यामागे साधे कारण आहे. जूनमध्ये जमीन कोरडी, भेगाळलेली असते. पहिला पाऊस ती पिऊन टाकते. तीन-चार आठवड्यांच्या संततधारेने आच्छादन पाण्याने भरत जाते आणि खाली निचरा होण्याचा वेग मुरण्याच्या वेगापुढे तोकडा पडतो. अशा भरलेल्या डोंगरावर एखाद्या दिवशी दोन-तीनशे मिलिमीटर पाऊस कोसळला की छिद्रदाब काही तासांत धोक्याच्या पातळीपलीकडे जातो. तोच पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडला असता तर कदाचित काहीच झाले नसते.

म्हणूनच दरडीचा अंदाज घेताना दोन आकडे सोबत पाहावे लागतात: आज पडलेला पाऊस, आणि मागच्या काही दिवसांची बेरीज. हवामान खाते २४ तासांत ६४.५ मिलिमीटरला जोरदार, ११५.६ पासून पुढे अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस मानते, आणि त्याचे पिवळा, नारिंगी, लाल इशारे आपल्या परिचयाचे आहेत. पण हे रंग प्रामुख्याने येणाऱ्या पावसाबद्दल बोलतात. डोंगर आधीच किती भरलेला आहे, हे त्यांतून दिसत नाही. संततधारेच्या तिसऱ्या आठवड्यातला नारिंगी इशारा डोंगरालगतच्या वाडीसाठी जूनमधल्या लाल इशाऱ्याहून गंभीर असू शकतो.

नकाशा ‘कुठे’ सांगतो, ‘कधी’ सांगत नाही

दरडींचा अभ्यास करणारी देशातील प्रमुख संस्था म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. तिने २०१४ पासून देशभरातील डोंगराळ भागांचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार करण्याचे काम हाती घेतले. तिच्या हिशेबाने हिमाच्छादित प्रदेश वगळता देशाच्या १२.६ टक्के भूभागाला, म्हणजे सुमारे ४.२ लाख चौरस किलोमीटर क्षेत्राला दरडीचा धोका आहे, आणि त्यातले सुमारे ९० हजार चौरस किलोमीटर पश्चिम घाट व कोकणच्या डोंगरांत येते. उताराचा कोन, खडकाचा प्रकार, आच्छादनाची जाडी, जमिनीचा वापर आणि पूर्वी सुटलेल्या दरडी अशा गोष्टी एकत्र करून कमी, मध्यम आणि जास्त धोक्याचे पट्टे आखले जातात.

काम मोलाचे आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. हे नकाशे पन्नास हजारास एक या प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरच्या पाचशे मीटरांइतका. शंभर-दीडशे मीटरांत मावणारी वाडी त्यावर दोन-तीन मिलिमीटरचा ठिपका होते. तिच्या वरच्या घळीत किती राडारोडा साचला आहे, कड्याला भेग आहे का, घरामागे जमीन किती कापली आहे, हे त्या प्रमाणावर दिसणार नाही. ते पाहायला माणसाने डोंगर चढावा लागतो. शिवाय आपल्याकडच्या याद्या बहुधा महसुली गावांच्या असतात आणि मुख्य गावापासून दूर, उंचावर वसलेल्या वाड्या त्या गावाच्या नावात बुडून जातात. यादीत नाव नसणे म्हणजे तपासून सुरक्षित ठरवलेले असणे नव्हे. शासनाने हे वाक्य प्रत्येक यादीच्या माथ्यावर छापायला हवे, असे मला वाटते.

‘कधी’ या प्रश्नासाठी कोलकात्यात राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र जुलै २०२४ मध्ये सुरू झाले. दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरी या जिल्ह्यांसाठी अंदाज देण्यापासून या कामाची सुरुवात झाली होती. असे अंदाज बांधायला एका भागात पूर्वी किती पावसाला दरडी सुटल्या याची नोंद लागते, आणि त्यावरून धोक्याची पातळी ठरवली जाते. ही पातळी सगळ्या सह्याद्रीला एकच असू शकत नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. दोन्हीकडच्या डोंगरांना सवय वेगळ्या पावसाची.

उपग्रहाने आधी कळत नाही का?

उपग्रहाच्या रडारने जमिनीची काही मिलिमीटरची हालचालही मोजता येते, आणि वर्षानुवर्षे संथपणे सरकणाऱ्या डोंगरांसाठी त्याचा उपयोग होतो. आपल्याकडच्या दरडी मात्र महिनोन्‌महिने स्थिर राहून काही तासांत सुटतात, त्यावर दाट झाडी असते, आणि उपग्रह त्याच जागेवर पुन्हा यायला काही दिवस जातात. दरड कोसळल्यानंतर तिचा आवाका कळायला उपग्रह उत्तम; आदल्या रात्री इशारा द्यायला आज तरी तो पुरेसा नाही.

झाडे लावली तर दरडी थांबतील का?

काही प्रमाणात, होय. मुळे वरच्या मीटर-दोन मीटर मातीला बांधून ठेवतात, पाने पावसाचा मारा अडवतात, आणि झाड जमिनीतले पाणी शोषून घेते. झाड तोडल्यावर धोका लगेच वाढत नाही. मुळे कुजायला काही वर्षे लागतात आणि मग उतार कमकुवत होतो. त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तोडीचे परिणाम आज दिसू शकतात आणि कोणी दोहोंचा संबंध जोडत नाही. पण सरकण्याची पातळी पाच-सात मीटर खोल असेल, तर मुळे तिथवर पोचत नाहीत. दाट रान असलेले उतारही सुटतात, वायनाडला हेच दिसले.

याहून अधिक बोलण्याजोगा विषय म्हणजे उताराचा पायथा कापणे. घरासाठी मागची जमीन सरळ उभी कापली, रस्त्यासाठी डोंगराचा पाय तोडला, की वरच्या मातीचा आधार जातो. मुंबई-गोवा महामार्गावरील चिपळूणजवळचा परशुराम घाट चौपदरीकरणाच्या काळात वारंवार खचत राहिला आणि २०२२ मध्ये कामासाठी तो काही काळ रोज ठरावीक तास बंद ठेवावा लागला. दुसरी गोष्ट समतल चरांची. पठारावर आणि सौम्य उतारावर पाणी मुरवणे हे पुण्याचे काम आहे. पण वस्तीच्या डोक्यावरच्या तीव्र, मातीने भरलेल्या उतारावर चर खणणे म्हणजे छिद्रदाबाला हातभार लावणे. तिथे पाणी मुरवायचे नसते, शक्य तितक्या लवकर बाजूच्या ओहोळात काढून द्यायचे असते.

‘आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहोत, कधी काही झाले नाही’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. गावाची आठवण साधारणतः तीन-चार पिढ्यांची असते. एखादा उतार शेकडो वर्षांतून एकदा सुटत असेल, तर ती आठवण रिकामीच राहणार. त्यातच डोंगर झिजत असतो आणि आच्छादन दर वर्षी थोडे वाढत असते, म्हणून शंभर वर्षे टिकलेला उतार पुढची शंभर वर्षे टिकेलच असे नाही.

मग सगळ्यांना सरळ हलवत का नाहीत? काही ठिकाणी तोच उपाय आहे. पण जमीन, झरा, गुरे, रानातली उपजीविका सोडून खाली यायला माणसे नाखूष असतात आणि त्यांची कारणे खरी असतात. शिवाय नवी जागाही तपासून घ्यावी लागते. माळीणचे पुनर्वसन २०१७ मध्ये जवळच आमडे येथे झाले, आणि उतार सपाट करून उभारलेल्या त्या वसाहतीत पहिल्याच पावसात भराव खचले, भिंतींना तडे गेले. कायमचे पुनर्वसन होईपर्यंत, आणि ते जिथे होणारच नाही तिथेही, पावसाळ्यातले मोजके धोक्याचे दिवस ओळखून तेवढ्या रात्री दुसरीकडे काढणे हा मधला मार्ग उरतो. तो शक्य आहे, याचे दाखले आहेत. १९७२ मध्ये हाँगकाँगला दोन मोठ्या दरडींत १३८ माणसे एकाच दिवशी गेली. त्यानंतर तिथे १९७७ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापन झाला, पावसाच्या आकड्यांवर आधारित इशारे सुरू झाले, हजारो उतारांची डागडुजी झाली आणि बळींची संख्या खूपच खाली आली. आपल्या घरचा दाखला कोकण रेल्वेचा. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दरडींनी गाड्या घसरून माणसे दगावल्यावर तिथे कटाई सौम्य केल्या गेल्या, जाळ्या बसल्या, पावसाळी गस्त वाढली, माणगाव, चिपळूण, रत्नागिरी अशा स्थानकांवर पर्जन्यमापक लागले आणि जोराच्या पावसात गाडी ताशी चाळीस किलोमीटरने चालवण्याचा नियम झाला. गाड्या उशिरा धावतात म्हणून प्रवासी कुरकुरतात, पण दरडीमुळे एवढी प्राणहानी तिथे पुन्हा झालेली नाही.

इशारा खोटा ठरला तर?

ठरेलच, अनेकदा. दहा वेळा घर सोडले आणि नऊ वेळा काही झाले नाही, असे होणार. यावर उपाय म्हणजे इशाऱ्यामागचा आकडा लोकांच्या हाती देणे. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातील हवामान केंद्रे महसूल मंडळ पातळीवर आहेत, पण घाटात मंडळाच्या एका टोकाला ढग फुटतो तेव्हा दुसऱ्या टोकाला रिमझिम असू शकते. वाडीतला पाऊस वाडीतच मोजायला हवा, आणि ते अगदी सोपे आहे. सपाट तळाचा, सरळ उभ्या बाजूंचा, अर्धा मीटरपर्यंत उंच पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा झाडांपासून आणि पागोळ्यांपासून दूर, मोकळ्यावर दगडांच्या आधाराने पक्का बसवावा. रोज सकाळी आठ-साडेआठला आत पट्टी बुडवून पाण्याची उंची वाचावी, वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. डब्याचा व्यास कितीही असो, पाणी दीडशे मिलिमीटर उंच असेल तर पाऊस दीडशे मिलिमीटर पडला. शाळेतली मुले ही नोंद उत्तम ठेवतात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर आपल्या डोंगराला किती पाऊस नेहमीचा आणि किती वेगळा, हे गावाला कळू लागते, आणि आपल्याच वहीतल्या आकड्यावर माणूस परक्याच्या भोंग्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आकड्यासोबत डोंगराच्या खुणा. घरामागे किंवा वरच्या शेतात चंद्रकोरीसारखी नवी भेग पडणे, पूर्वी नसलेल्या जागी पाण्याचा उमाळा फुटणे, नितळ झरा एकाएकी गढूळ होणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे. जोराच्या पावसात ओहोळाचे पाणी अचानक कमी झाले तर ती सर्वांत तातडीची खूण समजावी. वर कुठेतरी मातीने प्रवाह अडवला आहे आणि तो बांध केव्हाही फुटू शकतो. यातली एकही खूण दिसली तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता निघावे.

जायचे कुठे, हे मे महिन्यात ठरलेले असावे: डोंगराच्या वाटेत नसलेली, घळीच्या आणि ओहोळाच्या तोंडावर नसलेली जागा. वायनाडची दरड ओहोळाच्या पात्रातून सुमारे आठ किलोमीटर खाली वाहत गेली, तेव्हा डोंगरापासून दूर पण ओहोळाच्या काठावर असलेले घर सुरक्षित नाही. निर्णय दिवस मावळण्याआधी व्हावा, कारण रात्री पावसात ना खूण दिसते, ना पाऊलवाट, आणि तेव्हाच फोनची रेंजही गेलेली असते. माळीणची बातमी बाहेरच्या जगाला कळली ती सकाळची फेरी घेऊन आलेल्या एसटीच्या चालकाकडून. गाव जागेवर नाही हे त्याने पाहिले, तोवर कोणाला पत्ता नव्हता. म्हणून म्हातारी माणसे आणि लहान मुले कोण आणणार, गुरे केव्हा सोडायची, शाळेची किल्ली कोणाकडे आणि तहसील कार्यालयाला फोन कोण करणार, एवढे नावानिशी लिहून ठेवावे.

उरलेले काम पावसाळ्याबाहेरचे. दिवाळीनंतर गवत वाळले की वाडीच्या डोक्यावरचा उतार चार माणसांनी मिळून चढून पाहावा. भेगा तेव्हाच उघड्या दिसतात. दिसलेली भेग चिकणमातीने ठासून भरावी, तिच्या वरच्या अंगाने पाट काढून पाणी बाजूला वळवावे, भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून त्यांच्यातले अंतर वहीत टिपावे आणि ते वाढते आहे का, हे महिन्याला मोजावे. वाढत असेल तर ती नोंद घेऊन ग्रामपंचायतीच्या ठरावासह जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे भूवैज्ञानिक पाहणीची मागणी करावी, आणि ती पुढच्या जूनच्या आत व्हावी म्हणून जानेवारीतच करावी.